मी रंगवलेली पेटी

गावात मला फौजी म्हणतात. म्हणणाऱ्यांची चूक नाही. सतरा वर्षं फौजेत नोकरी केली, पेन्शन खातो, मिशा आहेत. मिशा तर अशा आहेत की सेनगावच्या स्टँडवर अनोळखी कंडक्टरही 'या साहेब' म्हणून पुढची सीट देतो. त्या मिशांच्या मागं काय आहे, हे मला आणि माझ्या बायकोलाच ठाऊक. मागं आहे राशनचं गोदाम. सतरा वर्षं मी डाळ, तांदूळ, साखर आणि रॉकेल मोजून दिलं, तेही हात राखून, कारण वरचे साहेब म्हणायचे, माप काठापर्यंत भरलं की गोदाम बसलंच म्हणून समज. बंदूक वर्षातून एकदा हातात यायची. माझ्या गोळ्या कुठं जायच्या हे आमच्या उस्तादांना शेवटपर्यंत सापडलं नाही. शत्रू म्हणून मी समोरासमोर पाहिले ते उंदीर. त्यांच्याशी मात्र निकरानं लढलो, आणि तेच जिंकले.

पण हे गावाला सांगणार कोण? निवृत्त होऊन आलो त्या दिवशी हलगी लावून मला घरी नेलं. पारावर कुणीतरी विचारलं, "बॉर्डरवर व्हता का?" आमचं गोदाम बॉर्डरपासून रेल्वेनं एका दिवसावर होतं. मी म्हणालो, "तिकडंच व्हतो." ते खोटं नव्हतं, जरा लांबचं खरं होतं. पुढच्या वर्षी कुणी म्हणालं, "आपले फौजी लढाईत व्हते." तेव्हा माझ्या तोंडात चहा होता, म्हणून नाही म्हणता आलं नाही. नंतर चहा संपला तरी मी काही बोललो नाही. मी लढाईत गेलो तो असा.

आमच्या गावापासून कोसभर, साखऱ्याच्या वाटेला एक तांडा आहे. त्या तांड्यातला एक जवान एकाहत्तरच्या लढाईत गेला. खरा गेला. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. त्याचा देह आला नाही. आधी तार आली, आणि काही महिन्यांनी त्याची काळी लोखंडी पेटी आली. आईबाप त्याच्या मागोमाग थकून गेले. एक धाकटी बहीण तेवढी उरली. लढाईच्या वेळी ती दहाएक वर्षांची होती, आता साठीच्या पुढं गेली आहे. नवरा वारल्यावर ती माहेरच्या तांड्यात परत आली आणि तिथंच राहिली. सगळे तिला आक्का म्हणतात, मीही म्हणतो.

यंदा सव्वीस जानेवारीला ह्या जवानाला मानवंदना द्यायची, असं शाळेच्या हेडमास्तरांच्या मनात आलं. फोटो लावायचा म्हटलं तर होता तो एकच, आणि तो वाळवीनं खाल्लेला. हेडमास्तर माझ्या ओट्यावर येऊन म्हणाले, "त्यांची एखादी वस्तू मिळाली तर टेबलावर मांडू. आणि मानवंदना तुम्ही द्या. लढाई पाहिलेला माणूस आपल्याकडं दुसरा आहे कोण?" माझा हात आपोआप मिशीकडं गेला. हा हात माझं कधीच ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तांड्यावर गेलो. आक्का अंगणात तूर पाखडत होती. खोलीच्या कोपऱ्यात ती पेटी होती, तिच्यात बियाण्याची तूर राखेत घालून ठेवलेली. मी येण्याचं कारण सांगितलं. आक्कानं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "तुला एक इचारायचं व्हतं रं. लई दिवसाचं इचारीन इचारीन म्हनते. तू लढाईतला मानूस. गोळी लागली का मानसाला लई तकलीफ व्हती का?"

एखाद्या भल्या माणसानं इथं खाली मान घालून सांगितलं असतं की आक्का, मला काय ठाऊक, मी डाळ मोजत होतो. मी काय केलं? मी डोळे बारीक केले, लांब माळाकडं पाहिलं आणि खोल आवाजात म्हणालो, "न्हाई आक्का. काईच कळत न्हाई. झोप लागल्यावानी व्हतं." गोदामात साखरेचं वजनही मी इतक्या खात्रीनं कधी सांगितलं नव्हतं.

तिनं पदरानं डोळे पुसले. "याडी मरस्तोवर हेच इचारीत व्हती," ती म्हणाली. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. "तिला सांगायला कोनी भेटलं न्हाई. बरं झालं बाबा, तू सांगितलं."

मग तिनं स्वतः तूर पोत्यात ओतली, पेटी आतून बाहेरून पुसली आणि माझ्या मोटरसायकलवर बांधू दिली. गाठ मारताना म्हणाली, "जशी हाय तशी ने, आन् तशीच आन."

"बराबर तशीच आणतो आक्का," मी म्हणालो.

आता फौजेची एक खोड सांगितली पाहिजे. मोठे साहेब तपासणीला यायचे असले की आमच्याकडं रंगरंगोटी सुरू व्हायची. झाडांच्या बुंध्यांना खाली गेरू, वर चुना. रस्त्याकडेच्या दगडांना चुना. बादल्यांना लाल रंग, त्यावर पांढरे आकडे. लढाईची तयारी कमीजास्त झाली असेल, चुन्याची कधी झाली नाही. आणि ह्या एका विद्येत, सांगायला लाज वाटते, माझा हात धरणारा पलटणीत दुसरा नव्हता. निवृत्त झाल्यावरही ती खोड गेली नाही. काही कार्यक्रम आहे म्हटलं की माझे हात ब्रश शोधायला लागतात. तुळशीवृंदावन झालं, गोठ्याचे खुंटे झाले, पाण्याची टाकी झाली. म्हैस हलते म्हणून वाचली.

पेटी घरी आणून अंगणात ठेवली आणि मला राहवेना. जागोजाग गंज चढलेला. समोरच्या बाजूला त्या जवानानं स्वतःच्या हातानं पांढऱ्या रंगात नाव, नंबर आणि गाव लिहिलेलं. अक्षरं वाकडी, दोनतीन ठिकाणी रंग ओघळलेला. झाकणाच्या कोपऱ्यात तर कुण्या लेकरानं रंगाचा हात पुसावा तसा एक पांढुरका डाग होता. मी मनात म्हणालो, शहिदाची पेटी आणि ही अवकळा? अरे, आपण कशासाठी आहोत?

सेनगावहून काळा ऑइलपेंट आणला, पांढरा आणला, पॉलिश पेपर आणला. मी घासायला बसलो तशी बायको भाकरी टाकता टाकता बाहेर आली. "काय करून राहिलात हे? आक्कानं जशी हाय तशी आना म्हनलं व्हतं ना?"

"तुला फौजेतलं काय कळतंय?" मी म्हणालो.

"मला आक्काचं कळतंय," ती म्हणाली आणि आत गेली.

तो कोपऱ्यातला डाग फार चिवट होता. बाकी पेटीला लागला नाही इतका वेळ मला त्या एका डागाला लागला. पण मी सोडतोय का? लोखंड चकाकेपर्यंत घासला. मग काळ्या रंगाचे दोन थर दिले. पुठ्ठा कापून अक्षरांचा साचा केला आणि नाव, नंबर, गाव सरळ ओळीत छापलं. वर लाल रंगात 'शहीद' असंही घातलं, ते माझ्या पदरचं. पेटी अशी झळकली की झाकणात मला माझ्या मिशा दिसल्या. मी खूश झालो. किती खूश झालो ते आठवलं की आजही कुठंतरी तोंड लपवावंसं वाटतं.

सव्वीस जानेवारीला मी दोन्ही पदकं लावून शाळेत गेलो. त्यातलं एक नुसती नोकरी केल्याबद्दल होतं आणि दुसरं सगळ्यांना सरसकट मिळालेलं, पण लांबून पाहणाऱ्याला काय कळतंय? झेंडा झाला. पांढरी चादर घातलेल्या टेबलावर पेटी होती, तिच्यावर झेंडूचा हार. आक्का ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. हेडमास्तर तिला मानानं पुढं घेऊन आले.

ती टेबलापाशी आली, न बघताच तिनं उजवा हात उचलला आणि झाकणाच्या त्या कोपऱ्यात ठेवला. मग तो हात जरासा सरकवला. पुन्हा सरकवला. मग तिनं खाली पाहिलं.

"ही पेटी कोनाची?" तिनं विचारलं.

"आपलीच आक्का. जरा रंगवून घेतली," मी छाती पुढं काढून म्हणालो.

"माझा हात कुठाय?"

मला काही उमगेना. तेव्हा तिनं सांगितलं. मोठ्यानं नाही, रडतही नाही, अगदी साधं सांगितलं. भाऊ शेवटच्या सुटीवर आला होता. जायच्या आदल्या दिवशी अंगणात बसून पेटीवर नाव घालत होता. ही शेजारी बसलेली. हिनं रंगाच्या डब्यात अख्खा पंजा बुडवला आणि झाकणावर थाप मारली. बाप मारायला धावला. भावानं बापाचा हात धरला आणि म्हणाला, "राहू दे. तिकडं मला बी घरचं कोनी दिसन." तो पंजा पेटीवर लढाईला गेला आणि पेटीवर परत आला. तेव्हापासून तूर काढायची असो की भरायची असो, आक्का आधी त्या पंजावर हात ठेवायची. हिचा हात वाढत गेला, म्हातारा झाला. तो तेवढाच राहिला होता.

"तू लढाईतला," ती म्हणाली. "तुला कळंल म्हनून दिली रं."

पॉलिश पेपर धरलेली माझी बोटं मला तिथं उभ्या उभ्या दिसायला लागली. आणि नेमकं तेव्हाच माइकवरून हेडमास्तर म्हणाले, "ज्यांनी स्वतः रणभूमीवर शत्रूला तोंड दिलं, असे आपले फौजी आता मानवंदना देतील."

मी माइकपुढं गेलो. खिशात दोन पानी भाषण होतं, त्यात बर्फ होता, तोफा होत्या, सगळं होतं. ते बाहेर आलंच नाही. मी म्हणालो, "मी लढाईत नव्हतो. कधीच नव्हतो. मी सतरा वर्षं गोदामात डाळ मोजली. मी लढाईत व्हतो असं तुमीच म्हनलात, मला ते गोड वाटलं, मी गप बसलो. आन् ह्या पेटीवर आक्काचा लहानपणचा हात व्हता, तो मी परवा घासून काढला. मला माफ करा." मी थांबलो. भाषण संपलं की टाळ्या वाजवायच्या एवढं शाळेतल्या लेकरांना माहीत, त्यांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. आयुष्यात इतक्या टाळ्या मला कधी मिळाल्या नाहीत.

लोक पांगल्यावर आक्का माझ्याजवळ आली. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मंग गोळीचं?" ती म्हणाली.

"काय आक्का?"

"झोप लागल्यावानी व्हतं म्हनलं व्हतं तुमी."

तुमी! मी लहान असल्यापासून ह्या बाईनं मला 'तू'शिवाय हाक मारली नव्हती. "ते मला माहीत न्हाई आक्का," मी म्हणालो. "मी मनानंच सांगितलं."

तिनं मान हलवली. "मंग आता कोनाला इचारू?"

त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना. पेटी घरी आणून रॉकेलच्या चिंधीनं त्या कोपऱ्यातला रंग काढून पाहिला. खाली कोरं लोखंड निघालं. माझं काम नेहमीसारखं चोख होतं. तो कोपरा पुन्हा काळा करून पेटी तांड्यावर नेऊन दिली. आक्कानं तूर परत भरली. झाकण लावताना तिचा हात सवयीनं कोपऱ्याकडं गेला आणि मध्येच मागं आला. ते मी पाहिलं. बायकोनं मला एका शब्दानं टोचलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

ह्या जिल्ह्यात खरं सांगू शकणारा एक माणूस मला माहीत होता. कुरुंद्याचा एक म्हातारा, एकाहत्तरच्या लढाईत मांडीत गोळी खाल्लेला. दरवर्षी हयातीच्या दाखल्यासाठी आम्ही हिंगोलीला बँकेच्या एकाच रांगेत असायचो. तो काठी टेकत यायचा आणि नव्या माणसाला विचारायचा, "कोनती पलटण? कुठं व्हता?" त्याला पाहिलं की मी खांबामागं जायचो. कितीतरी वर्षं मी त्या खांबाच्या आधारानं काढली. सगळ्या मुलखात मला ज्याची भीती वाटायची तो हा एकच माणूस.

मी आक्काकडं गेलो. म्हणालो, "खरं सांगणारा एक जण हाय. पर खरं काय निघंल ते मला माहीत न्हाई." तिनं जरा विचार केला आणि पायात चपला घातल्या.

एसटी बदलत बदलत आम्ही कुरुंद्याला पोचलो. आक्का सबंध वाटेत खिडकीकडं तोंड करून बसली, बोलली ती तुमी-आमीच्या भाषेत. हळद काढणीचे दिवस होते, गावभर शिजवलेल्या हळदीचा वास. म्हातारा अंगणात बाजेवर बसून वाळत घातलेल्या हळदीवर नजर ठेवून होता. मला पाहून म्हणाला, "या. खांब संगं आणला न्हाई का?"

म्हणजे त्याला सगळं दिसत होतं! मी खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं, गोदाम, चहा, पेटी, पंजा. तो हसला नाही. मग आक्कानं विचारलं, "गोळी लागली का लई तकलीफ व्हती का वो?"

मी तिच्या मागून म्हाताऱ्याला खुणा करायला लागलो. डोळे मिचकावले, मान हलवली, हात जोडले. म्हटलं, अरे बाबा, नाही म्हण, तुझं काय जातंय? एवढं नाक कापून घेतल्यावरही माझी जात गोदामवाल्याचीच, पुन्हा हात राखूनच द्यायला बघत होतो.

म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही. "व्हती बाई," तो म्हणाला. "आधी बैलाची लाथ बसल्यावानी दणका बसतो. मंग तकलीफ. खोटं काहून सांगू, लई व्हती. पर तकलीफेपरीस तहान. रगत गेलं का अशी तहान लागती का इचारू नका. मला आई आठवली न्हाई, देव आठवला न्हाई. पानी पानी करीत व्हतो."

"मंग पाजलं का कोनी?"

"पाजलं. संगतीच्या जवानानं बाटली लावली तोंडाला."

आक्का जरा पुढं सरकली. "आमच्या भियाला पाजलं असंल का?" भिया म्हणजे भाऊ.

म्हातारा कितीतरी वेळ काठीच्या टोकानं माती उकरत राहिला. "मी तिथं नव्हतो बाई," तो शेवटी म्हणाला. "कसं सांगू?"

मला त्याचा राग आला. एक 'व्हय' म्हणायला काय लागतं? पण आक्कानं त्याच्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "खरं सांगितलं तुमी."

परतीच्या एसटीत ती रडली. तोंडात पदर धरून, सगळ्या बसच्या देखत रडली, आणि मीही रडलो. औंढ्याला चढलेली एक बाई मिशांकडं आणि डोळ्यांकडं आळीपाळीनं बघत होती. आक्का म्हणाली, "याडीच्या तोंडात पानी म्या घातलं. बाच्या बी म्याच घातलं. त्याचंच तेवढं राहिलं." पहिल्यांदाच मी काहीतरी रचून बोललो नाही.

पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी तिचा निरोप आला, पेटी शाळेत न्या. मोटरसायकल होती, पण मी पेटी डोक्यावरून नेली. गडी माणूस असून वाटेत चारदा टेकलो, तेवढीच माझी फौजी ताकद. ह्या वेळी पदकं लावली नाहीत, भाषण लिहिलं नाही. हेडमास्तरांनीही माइक माझ्यापासून जरा लांबच ठेवला.

झेंडा झाल्यावर आक्का पुढं आली. पिशवीतून तिनं घासून लख्ख केलेला पितळी तांब्या काढला आणि माझ्यापुढं धरला. "पानी आना," म्हणाली. मी शाळेच्या नळावर जाऊन तांब्या भरून आणला आणि पेटीवर, त्या काळ्या कोपऱ्यात, जपून ठेवला. आक्कानं वाकून आत पाहिलं. पाणी गळ्यापर्यंत होतं, वर दोन बोटं जागा मोकळी. सतरा वर्षांची सवय, दुसरं काय.

तिनं तांब्या उचलून परत माझ्या हातात दिला.

"काठोकाठ भर रं फौजी," ती म्हणाली. "लई तहानला असंल तो."

मी पुन्हा नळावर गेलो.